डब्यातली भाकरी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलायला जीभ रेटली नसती, म्हणून लिहितोय. १९९८ साली मी बेळगावच्या उद्यमबागेत अण्णांच्या शेडवर लेथचं काम शिकायला जायचो. तेव्हा सतरा वर्षांचा होतो. आई, एका संध्याकाळी माझ्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी बघून तू विचारलं होतंस, "हे कुणी दिलं रे?" मालकांकडे पूजा होती, असं मी सांगितलं. ते खोटं होतं.

त्या डब्यातून मी गनमेटलचे बुश, यंत्रात बसवायची ती धातूची कडी, चोरून भंगारात विकत होतो. तीन आठवडे. घरात नड होती म्हणूनही नाही बाबा. कॉलेजला जाणाऱ्या मित्रांच्या पायात होते तसे बूट मला हवे होते.

त्या शनिवारी सुटताना अण्णांनी डबा हातात घेतला. वजनावरूनच त्यांना कळलं. आत नेऊन झाकण काढलं आणि अकरा बुश टेबलावर ओळीनं मांडले. महिन्यापूर्वीच, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून निघणाऱ्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत मला घसा फोडून घोषणा देताना त्यांनी पाहिलं होतं. आता हा कानडी माणूस आपल्याला कशाला सोडतोय, एवढंच डोक्यात होतं. अण्णांनी विचारलं, "ऊट आतेनु?" जेवलास का? मला रडूच फुटलं. त्यांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी-भाजी माझ्या डब्यात घातली. मग मराठीत म्हणाले, "विकलास त्याचे पैसे दर शनिवारी वीस-वीस रुपये कापणार. सोमवारी आठला ये."

चार महिने कापले. नुसतं सोडून दिलं असतं, तर मी त्यांना भोळा समजून पुन्हा हात मारला असता. शेवटचे वीस कापले त्या दिवशी मात्र मी त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन बोललो. अण्णांनी ही गोष्ट तुमच्यापर्यंत कधी येऊ दिली नाही.

आता हे का सांगतोय? मागच्या आठवड्यात इथं चाकणला माझ्याकडचा सतरा वर्षांचा पोरगा कार्बाइडचे इन्सर्ट, धातू कापायची ती छोटी पाती, चोरताना सापडला. मी पोलिसांना फोन लावणारच होतो. आधी वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, २०१५च्या बाल न्याय कायद्यानं अठराच्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असलेल्या मंडळापुढे त्याला नेतात, आणि मंडळ समज देऊन घरीही पाठवू शकतं. बोलता बोलता तो सहज म्हणाला, १९८६च्या जुन्या कायद्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंतच अल्पवयीन धरत. माझ्या पोटात खड्डा पडला. म्हणजे तेव्हा सतराव्या वर्षी मी कायद्यानं मोठा माणूस होतो. अण्णांनी फोन उचलला असता तर तुम्ही दोघं हिंडलग्याच्या तुरुंगापुढे भेटीच्या रांगेत उभे असता.

त्या पोराला मी जेवायला बसवलं आणि शनिवारपासून पैसे कापायचं सांगितलं. सोमवारी तो आला नाही. दिवसभर माझं लक्ष दाराकडे होतं. मंगळवारी आला, मान खाली घालून मशीन पुसायला लागला.

बाबा, यंदाची घरची बासमती निघाली की थोडी अण्णांना नेऊन द्या. ते आता शेडवर फक्त सकाळीच बसतात म्हणे. माझा तो जुना डबा फळीवर असेल, आई, त्यातच भरून दे.

तुमचा,
धाकटा