‘मॅनकिलर’ या आडनावापलीकडे काही दिसलं नाही का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, अमेरिकेतल्या चेरोकी या आदिवासी राष्ट्राच्या माजी प्रमुख विल्मा मॅनकिलर यांच्यावरचा लेख वाचला. राग आला. तो वाजवी आहे की नाही हे पाहायला सोमवारी सकाळी पुन्हा वाचला आणि मग हे पत्र लिहायला बसले.

‘पुरुषांना मारणारी?’ हा काय मथळा झाला? प्रश्नचिन्ह लावलं की काहीही छापायची मुभा मिळते का? पुढे जवळजवळ पाव लेख त्या आडनावाच्या गमतीतच गेला आहे. माझं माहेरचं आडनाव वाघमारे. साठ वर्षांत मला कुणी विचारलं नाही की तुमच्या घरात किती वाघ मारले. मॅनकिलर हे चेरोकी लोकांचं जुनं लष्करी पद आहे, गावाची राखण करणाऱ्याचं. त्यांच्या भाषेत ‘अस्गया-दिही’. एका पूर्वजानं ते नाव म्हणून लावलं आणि पुढे तेच घराण्याला चिकटलं. आपल्याकडे किल्लेदार, सरनाईक, हवालदार ही आडनावं अशीच पडली. एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर मराठी वाचकाला चटकन कळलं असतं.

शिवाय फोटो त्यांच्या रूपातल्या बार्बी बाहुलीचा! बाईंचा एकही फोटो मिळाला नाही? २०२३ साली ती बार्बी बाजारात आली तेव्हा खोक्यावर चेरोकी लिपीतलं एक अक्षर चुकलं होतं आणि ‘चेरोकी’च्या जागी ‘कोंबडी’ असा अर्थ होत होता, म्हणून तिथले लोक दुखावले होते. तेच चित्र आपण अर्ध्या पानभर छापलंत. माझी लेक अमेरिकेत टल्सामध्ये असते. तिनं मला २०२२ सालचं पाव डॉलरचं नाणं आणून दिलं, ते माझ्या पाकिटात आहे. त्यावर बाई शाल पांघरून उभ्या आहेत, शेजारी चेरोकी राष्ट्राचा सात टोकांचा तारा आहे आणि राष्ट्राचं नाव त्यांच्याच लिपीत कोरलंय. बोटभर नाण्यावर जे नीट बसलं ते अर्ध्या पानावर बसलं नाही.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. लेखात बेल या गावाचा उल्लेखच नाही. ज्या कामातून या बाई पुढे आल्या, तेच गाळलंत.

मी जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता होते. त्यामुळे सोळा मैलांची, म्हणजे सुमारे सव्वीस किलोमीटरची पाइपलाइन गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी टाकणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. ओक्लाहोमा राज्यातलं बेल हे गरीब गाव, घरात बोलणं चेरोकीतच, कित्येक घरांत नळ नाही. विल्माबाईंचं स्वतःचं लहानपण झऱ्यावरून पाणी आणण्यात गेलेलं. १९७९ साली मोटारीचा भीषण अपघात, पाठोपाठ सतरा शस्त्रक्रिया, त्यातून उठतात तोवर स्नायू दुबळे करणारा मायस्थेनिया ग्रेव्हिस. आणि एवढं सोसून बाई बेलला जाऊन कोणत्या घरानं लाइनचा कोणता तुकडा टाकायचा ते वाटून देत होत्या. बाहेरचे म्हणत होते, हे लोक फुकट राबणार नाहीत. राबले. त्यांच्या भाषेत अशा एकत्र कामाला ‘गडुगी’ म्हणतात. आपला इरजिकही याच जातीचा.

१९९६ साली जत तालुक्यातल्या एका वाडीवर आमची योजना होती. मुकादमानं काम सोडलं तेव्हा वाडीच्या बायकांनी कुदळी घेतल्या. दोन फुटांपर्यंत मुरूम, खाली कातळ. तीन फूट खोल चर हवी होती. एका मावशींच्या तळहाताला फोड आले, तर त्यांनी लुगड्याची चिंधी फाडून कुदळीच्या दांड्याला गुंडाळली आणि संध्याकाळपर्यंत थांबल्या नाहीत. पाणी सोडलं त्या रात्री तोटीतून आधी फुसफुसत हवा आली, मग लाल गढूळ पाणी, मग नितळ. सगळ्या जणी हात धरून उभ्या होत्या. उद्घाटनाच्या फरशीवर अकरा नावं होती. ‘श्रमदान : वाडीतील महिला’ एवढी ओळ घाला म्हणून मी तीन वेळा सांगितलं. जागा नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तोही तोटी फिरवणाऱ्या पुढाऱ्याचा.

म्हणून बेल गाळल्याचं मला इतकं लागलं.

बेलचं काम पाहूनच चेरोकींचे तेव्हाचे प्रमुख रॉस स्विमर यांनी १९८३ मध्ये बाईंना उपप्रमुखपदासाठी आपल्याबरोबर उभं केलं. ते रिपब्लिकन, बाई डेमोक्रॅट. प्रचारात टायर फाडले, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. विरोध कशाला, तर बाई आहे म्हणून. ज्या समाजात कूळ आईकडून मोजत तिथे हे घडलं! १९८५ च्या डिसेंबरात स्विमर वॉशिंग्टनला गेले आणि बाई प्रमुख झाल्या. १९८७ साली स्वतःच्या बळावर निवडून आल्या, १९९१ मध्ये तर ८२ टक्क्यांहून जास्त मतांनी. मध्ये १९९० साली भावानं मूत्रपिंड दिलं. त्याच वर्षी केंद्राचा पैसा आपल्या हातानं खर्च करण्याचा करार चेरोकी राष्ट्रानं केला. आपल्या लेखात हे सगळं ‘यशस्वी कारकीर्द’ या दोन शब्दांत उरकलंय.

त्यांची आरती ओवाळा असं मी म्हणत नाही. चेरोकींनी ज्यांना गुलाम म्हणून राबवलं, त्यांच्या वंशजांना १८६६ च्या करारानं मिळालेला हक्क नाकारून १९८३ साली मतदानातून परत पाठवलं गेलं. बाईंच्या काळातही तो अन्याय दूर झाला नाही. चेरोकींच्या घटनेतून ‘रक्तानं’ चेरोकी असण्याची अट घालणारा शब्द निघायला २०२१ साल उजाडलं. हेही लिहायला हवं होतं. आणि ‘रेड इंडियन’ हा शब्द आता तरी सोडा. चेरोकी म्हणा, तेच त्यांचं नाव आहे.

जाता जाता आणखी एक. वर सांगितलेल्या वाडीच्या पंपाची वीज बिल थकलं म्हणून तोडली आहे. त्याबद्दल गेल्या मे महिन्यात मी आपल्याला पत्र पाठवलं होतं. छापलं नाहीत, पोचही दिली नाहीत. त्या बायकांनी टाकलेली लाइन जमिनीत धड आहे आणि वर टँकर येतो.

या पत्राला कात्री लावायचीच असेल तर आडनावाचा भाग काढा. चर खणल्याचा ठेवा.

आपली नियमित वाचक,
निवृत्त कनिष्ठ अभियंता, जि. सांगली