रानाची राखण आणि राखणदाराचा वाटा

महोदय,

विकसनशील देशांच्या धोरणांत जैवविविधतेचे रक्षण आणि दारिद्र्य निर्मूलन ही उद्दिष्टे हल्ली जोडीनेच येतात. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे झालेल्या जागतिक करारात २०३० पर्यंत ३० टक्के भूभाग व ३० टक्के सागरी क्षेत्र संरक्षित करण्याचे ठरले, तेव्हा स्थानिक समुदायांच्या हक्कांचा आदर राखण्याची ग्वाहीही त्यात घालण्यात आली. मात्र रान राखण्याची झळ कोणाला बसते, हे आधी पाहायला हवे.

युगांडातील ब्विंडीचे जंगल १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि पिढ्यान् पिढ्या त्यावर जगणाऱ्या बट्वा लोकांना तेथून बाहेर काढण्यात आले. मध काढणे, शिकार करणे, औषधी मुळ्या खणणे हे सारे त्यांच्यासाठी गुन्हा ठरले. आज तेथील गोरिला पाहण्यासाठी परदेशी पर्यटक ८०० डॉलर मोजतो, आणि उद्यानाच्या हद्दीबाहेर बट्वा बहुतांशी भूमिहीन, दुसऱ्याच्या शेतात राबणारे. गोरिलांची संख्या वाढली, याचा आनंद मलाही आहे. पण त्याची किंमत ज्यांनी चुकती केली, त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

नामिबियाने वेगळी वाट धरली. १९९६ च्या कायदादुरुस्तीने सामुदायिक जमिनीवरील लोकांना वन्यजीवांवर आणि त्यांपासूनच्या उत्पन्नावर सशर्त हक्क मिळाले. अशी ८६ क्षेत्रे आज देशाच्या सुमारे पाचव्या हिश्श्यावर आहेत आणि त्यांत गावचाच माणूस पगारी राखणदार असतो. तरीही तहानलेला हत्तींचा कळप रात्री येऊन पाण्याची टाकी फोडतो, पाइप उखडतो, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत गुरांसकट तहानेले राहते ते शेजारचे कुटुंब. पर्यटनाचा पैसा मात्र क्षेत्र चालवणाऱ्या समितीच्या खात्यात पडलेला असतो. त्यातच २०२० च्या साथीत विमाने थांबली आणि तो ओघही आटला. केवळ पर्यटनावर भिस्त ठेवणे म्हणूनच मला धोक्याचे वाटते.

नेपाळचा अनुभव अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. १९९३ च्या वन कायद्यानंतर तेथे २२ हजारांहून अधिक वन उपभोक्ता समूह, म्हणजे गावचे जंगल स्वतः सांभाळून वापरणारे गावकऱ्यांचे गट, उभे राहिले आणि उजाड डोंगरउतार पुन्हा हिरवे झाले. पण रोपे वाढावीत म्हणून समूहाने चराई बंद केली, की बांधावर स्वतःची झाडे असलेल्या शेतकऱ्याचे काही अडत नाही. दोन शेळ्यांवर संसार चालवणाऱ्या भूमिहीन बाईला मात्र त्या विकाव्या लागतात. सभेत तिचा आवाज सहसा ऐकूच येत नाही. समूहाच्या उत्पन्नातील किमान ३५ टक्के रक्कम गरीब कुटुंबांसाठी खर्च करण्याचे बंधन २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी घातले, ते याच कारणाने. कायदा होऊन तोवर सोळा वर्षे लोटली होती, हेही लक्षात घ्यावे.

तेव्हा ३० टक्क्यांच्या घाईत कोणत्याही क्षेत्रावर कुंपण पडण्याआधी कोणते कुटुंब तेथून सरपण, चारा, मध वा मासे किती नेते, याची घरवार नोंद व्हावी आणि पुढील उत्पन्नावर पहिला हक्क त्याच नोंदीतील घरांचा असावा.

— एक वाचक