त्या दुष्काळाची तारीख कितपत पक्की?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘दुष्काळाने संस्कृती बुडाली’, ‘थंडीने साम्राज्य कोसळले’ अशा मथळ्यांच्या बातम्या वरचेवर छापून येतात. मूळ संशोधन बहुतेक वेळा सावधपणे लिहिलेले असते. बातमीत येईपर्यंत मात्र तारखेपुढचा ‘अधिक-उणे’ हमखास गळतो आणि सगळी मेख असते ती तिथेच.

गुहेत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यामुळे जमिनीवर चुनखडीचे स्तंभ वाढतात. पूर्वीच्या पावसाचा अंदाज बांधण्यासाठी ते फार उपयोगी पडतात. स्तंभ उभा चिरून घासतात आणि वाढीच्या रेषांवर बारीक ड्रिलने भुकटी काढतात. युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळजवळ नाहीच. म्हणून थर बनताना त्यात युरेनियम असते, थोरियम नसते. पुढे युरेनियमच्या क्षयातून थोरियम साठत जाते आणि दोहोंच्या प्रमाणावरून वय निघते. पाण्याबरोबर मातीचा गाळ आला, तर त्यातले थोरियम आयते मिसळते आणि थर आहे त्याहून जुना ठरतो. मातीबरोबरच येणारे थोरियम-२३२ मोजून ही भेसळ वजा करता येते, पण वजाबाकी जितकी मोठी तितकी तारीख सैल.

आणखी एक गोष्ट बातमीत कधीच येत नाही. वय मोजलेले असते ते स्तंभावरच्या मोजक्या जागांचे. मधल्या शेकडो नमुन्यांची वये त्या जागा जोडणाऱ्या रेषेवरून काढतात. मध्येच ठिबक थांबून वाढ खुंटली असेल, तर ती रेषा खुशाल खोटे सांगते. आता ठिबक थांबणार केव्हा? बहुधा भीषण दुष्काळात. म्हणजे ज्या वर्षांची नोंद आपल्याला हवी, नेमका त्याच वर्षांचा थर नसण्याचा धोका सर्वांत जास्त! पाऊस किती, हे थरातल्या जड ऑक्सिजन-१८ आणि हलक्या ऑक्सिजन-१६ यांच्या प्रमाणावरून काढतात. पण ढग कोणत्या समुद्रावरून आले यानेही ते प्रमाण बदलते.

मेघालयातल्या मॉम्लुह गुहेतील अशाच एका स्तंभाच्या आधारे, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कालखंडाला २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हे नाव अधिकृतपणे मिळाले. त्या वेळच्या कोरडेपणाशी सिंधू संस्कृतीच्या ऱ्हासाचा संबंध जोडला जातो. पण हा कोरडेपणा इ.स.पू. २२०० च्या आसपासचा, तर नगरांच्या भरभराटीचा काळ संपला असे मानतात ते इ.स.पू. १९०० च्या सुमारास. मधली तीनशे वर्षे म्हणजे दहा-बारा पिढ्या. त्यांनी काय पेरले, वस्ती कुठे हलवली, हे उत्खननात सापडणाऱ्या जळक्या दाण्यांवरून आणि खापरांवरून शोधावे लागते. ते न करता दोन तारखा शेजारी ठेवल्या की कार्यकारणभाव सिद्ध झाला, असे कसे म्हणता येईल?

वर्षागणिक थर मोजण्याच्या पद्धतीही चुकतात. झाडाच्या खोडात दरवर्षी एक कडे पडते, पण वाईट वर्षी ते कधी पडतच नाही, किंवा एका वर्षात दोन पडल्यासारखी दिसतात. म्हणून एकाच झाडावर न विसंबता अनेक झाडांच्या जाड-बारीक कड्यांचा क्रम एकमेकांशी ताडून पाहतात. ध्रुवीय बर्फात ही सोय कमी. ज्वालामुखीच्या उद्रेकातले, ऊन अडवणारे गंधकयुक्त कण बर्फाच्या थरात सापडत, पण सहाव्या शतकातल्या उद्रेकांची वर्षे झाडांतल्या थंडीच्या खुणांशी जुळत नव्हती. इ.स. ५३६ मध्ये सूर्य चंद्रासारखा निस्तेज झाल्याचे बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपियस लिहितो, झाडेही थंडी दाखवतात आणि बर्फातला उद्रेक मात्र काही वर्षे आधीचा. २०१२ मध्ये जपानी सीडरच्या कड्यांत इ.स. ७७४-७७५ ची कार्बन-१४ ची अचानक वाढ सापडली. कार्बन-१४ प्रमाणेच अवकाशातून येणाऱ्या कणांमुळे बनणाऱ्या बेरिलियम-१० ची त्याच घटनेची खूण बर्फात शोधल्यावर थरांच्या मोजणीत सुमारे सात वर्षांची चूक असल्याचे उघड झाले. ती २०१५ मध्ये दुरुस्त झाली आणि उद्रेक व थंडी जुळून आली. उद्रेक आधी की थंडी आधी, हा प्रश्न असताना सात वर्षे म्हणजे फारच झाली.

कागदपत्रांनाही हीच काळजी लागते. क्योटोतल्या चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या, फ्रान्समधल्या बोन येथील द्राक्षतोडणीच्या १३५४ पासूनच्या. युरोपातल्या १५८२ च्या कॅलेंडर-बदलात गाळलेले दहा दिवस जमेस धरले नाहीत, तर ऋतूच सरकल्याचा भास होतो. द्राक्षे कधी तोडायची हे ठरवताना ऊन बघत, तसे युद्ध आणि वाइनची आवडही बघत. सारामाफीच्या अर्जात तर पीक बुडाल्याचे रडगाणे असायचेच. ते शेजारच्या गावाच्या वसुलीशी ताडल्याशिवाय पाऊस पडला नाही असे धरता येत नाही.

बरे, दुष्काळ पक्का ठरला तरी मृत्यूंचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. १८७६-७८ मध्ये एल निनोमुळे पाऊस हटला, हे खरे. पण त्याच काळात भारतातून धान्याची निर्यात चालू होती आणि मद्रास इलाख्यात ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमवर आणले होते. हे कोणत्याही झाडाच्या कड्यात दिसणार नाही. त्यासाठी दप्तरच उघडावे लागते.

आपल्या वृत्तपत्राला एकच विनंती. अशी बातमी छापताना तारखेतली संभाव्य चूक किती, नमुना त्या वस्तीपासून किती दूरचा आणि तो कोणत्या ऋतूचे हवामान सांगतो, एवढे एका चौकटीत द्यावे. मूळ शोधनिबंधात हे असतेच, फक्त सारांशाच्या पुढे वाचावे लागते.

आपला,
एक वाचक