नवी पाने स्वच्छ आली, श्रेय बाटलीला

महोदय,

नारायणगाव-जुन्नर पट्ट्यात टोमॅटोवर मोझॅक, म्हणजे विषाणूमुळे पानांवर येणारे फिकट-गडद चट्टे, दिसला की दुकानातून ‘व्हायरसची बाटली’, म्हणजे विषाणूवरचे म्हणून विकले जाणारे औषध, येते. पंधरवड्यात शेंड्याला स्वच्छ पाने फुटली, की बाटलीला गुण आला म्हणायचे. पण अशी पाने झाड स्वतःहूनही काढते. तंबाखूच्या रिंगस्पॉट विषाणूबाबत हे १९२८ सालीच नोंदले गेले आहे: खालची पाने वलयांनी भरलेली, वरची निरोगी.

हे कसे घडते? पेशीतला प्रत्येक संदेशवाहक आरएनए, म्हणजे जनुकाचा निरोप नेणारी प्रत, काम झाले की मोडीत निघतो. आधी त्याची ‘ए’ची शेपटी झिजते, मग डोक्यावरची टोपी निघते आणि एक्सआरएन४ हे विकर त्या टोकाकडून त्याला कुरतडत जाते, शेपटीकडून एक्झोसोम हा प्रथिनांचा संच. विषाणू मात्र स्वतःच्या प्रती काढताना दुपदरी आरएनए तयार करतो, आणि तिथेच सापडतो. डीसीएल४ ही कात्री त्याचे २१ अक्षरांचे तुकडे करते, डीसीएल२ २२ अक्षरांचे. तुकड्यांच्या टोकांना मिथाइल हा छोटा रासायनिक गट लागतो, नाहीतर तेही कुरतडले जातील. त्यातला एक पदर आर्गोनॉट प्रथिन धरून ठेवते आणि त्याच्याशी जुळणारा विषाणूचा आरएनए कापते. आरडीआर६ हे विकर कापलेल्याची पुन्हा दुपदरी प्रत काढते, म्हणून तुकडे संपत नाहीत. अन्नवाहिनीतून या तुकड्यांचा इशारा शेंड्याकडे जातो, म्हणून नवी पाने स्वच्छ येतात.

गंमत अशी, की रोजची मोडतोड तुंबली तर टोपी नसलेले अर्धवट आरएनए आरडीआर६च्या हाती लागतात आणि पेशी स्वतःचीच जनुके गप्प करून बसते.

विषाणूही कमी नाहीत. काकडी मोझॅक विषाणूचे २बी प्रथिन आर्गोनॉटलाच अडवते. पपई रिंगस्पॉटच्या गटातले विषाणू हा बचाव मोडायला एचसी-प्रो हे प्रथिन वापरतात. त्यात थंडीची भर: १५ अंशांच्या आसपास हे तुकडे फारच कमी बनतात, उष्णतेत भरपूर. म्हणजे जानेवारीतले आजारी झाड फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात आपोआप सावरू शकते, आणि नेमकी तेव्हाच कुणीतरी फवारणी केलेली असते.

खरी आरएनए फवारणी अशक्य नाही. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर दुपदरी आरएनए बसवून फवारला, तेव्हा विषाणूपासून २० दिवसांपर्यंत संरक्षण मिळाले. पण फवारणी लागण होण्याआधीची होती, आणि आरएनए ठरावीक विषाणूच्या अक्षरांशी जुळवलेला. ‘सर्व विषाणूंवर एकच’ असे लेबल असलेली बाटली या तत्त्वावर चालूच शकत नाही.

तरी पारख करायचीच असेल तर मधल्या दोन ओळी फवारणीविना सोडाव्यात. दोन्हीकडे एकाच वयाची, सारखीच लक्षणे असलेली वीस-वीस झाडे निवडून त्यांना सुतळी बांधावी. त्या दिवशीच्या सर्वांत वरच्या पानावर खूण करावी आणि दर आठ दिवसांनी खुणेच्या वरची पानेच तपासावीत. जुन्या पानाचा मोझॅक जात नसतो, तो मोजून उपयोग नाही. न फवारलेल्या ओळीही तेवढ्याच सावरल्या, तर बाटलीचे पैसे वाया गेले.

सावरलेल्या झाडात विषाणू थोडा उरलेला असतोच. काकडी मोझॅकसारखा विषाणू असेल, तर मावा काही सेकंदांच्या टोचणीत तो उचलतो आणि तितक्याच झटपट शेजारच्या झाडात सोडतो. कीटकनाशकाने मरेपर्यंत त्याचे काम उरकलेले असते. त्यामुळे बाटलीपेक्षा रोपवाटिकेला बारीक जाळी, प्लॉटभोवती आधीच पेरलेल्या मक्याच्या दोन-तीन ओळी आणि पहिली लागलेली झाडे वेळेत उपटणे, यांवर खर्च व्हावा.

— वनस्पतिशास्त्राचे दोन शिक्षक, पुणे