फेटाळलेल्यांनाही काम करू द्या: ब्रिटनच्या गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
युनायटेड किंगडम यांस,

स. न. वि. वि.

मी भारतीय पासपोर्टवर या देशात राहते, नोकरी करते, कर भरते. राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक असल्यामुळे इथल्या संसदीय निवडणुकीत मला मताधिकार आहे आणि तो मी बजावते. तेव्हा हे पत्र एका मतदाराचे आहे. ते मराठीत लिहिते आहे, कारण आपल्याइतकेच ते माझ्या लोकांनीही वाचावे असे मला वाटते. व्हिसाची भरमसाट फी भरून, कागदपत्रांच्या फायली सांभाळत इथे आलेल्या आम्हा मंडळींत आश्रयार्थींचा विषय निघाला की "सरकार यांना बसून खायला घालते आणि कर आम्ही भरायचा" हे वाक्य हटकून ऐकू येते. या माणसांना कमावायलाच मनाई आहे, हे बोलणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊक नसते.

असे बोलणाऱ्यांसाठीच नियम आधी सांगते. ब्रिटनमध्ये आश्रयासाठी अर्ज केला की पहिले बारा महिने काम करता येत नाही. बारा महिन्यांत निर्णय आला नाही, आणि उशिराला अर्जदार स्वतः जबाबदार नसेल, तर तो कामाची परवानगी मागू शकतो. मिळाली तरी ती सरकारने ठरवलेल्या व्यवसायांच्या यादीपुरतीच. स्वतःचा धंदा काढायचा नाही. या यादीत अनेक वर्षे शास्त्रीय बॅले नर्तक आणि ऑर्केस्ट्रातले निष्णात वादक होते. सुदानमधून आलेल्या शिंप्याला किंवा गोदामात माल उचलायला तयार असलेल्या तरुणाला त्या यादीचा काय उपयोग?

ही बंदी काही पूर्वापार चालत आलेली नाही. जुलै २००२ पर्यंत सहा महिने वाट पाहिलेल्या अर्जदाराला कामाची परवानगी मागता येत असे. निर्णय आता बहुतेक सहा महिन्यांच्या आतच होतात, मग सवलत कशाला, असे म्हणून तेव्हाच्या सरकारने ती काढून घेतली. २००५ मध्ये युरोपीय कायद्यामुळे बारा महिन्यांचा नियम आला आणि २०१० मध्ये त्याला यादीची बेडी पडली. जून २०२३ च्या अखेरीस पहिल्या निर्णयाची वाट पाहणाऱ्या माणसांची संख्या १,७५,००० च्या वर गेली होती. ज्या कारणासाठी सवलत काढली ते कारण केव्हाच संपले. बंदी मात्र राहिली.

मी सुटीच्या दिवशी एका स्वयंसेवी केंद्रात फॉर्म भरायला मदत करते. तिथे निर्णयाची वाट पाहणारा एक गृहस्थ दुभाष्याचे काम करतो. तीन भाषा त्याला उत्तम येतात. डॉक्टरची चिठ्ठी, शाळेचे पत्र, घरमालकाची नोटीस तो लोकांना समजावून सांगतो. धर्मादाय संस्थेसाठी विनामोबदला केलेले हे काम कायद्याला चालते. त्याच खुर्चीत बसून, तेच काम पगार घेऊन केले तर तो गुन्हा ठरतो. त्याच्या कामाने कोणाची नोकरी जाईल, कोणाचे नुकसान होईल, हे मला अजून कोणी पटवून देऊ शकलेले नाही. संध्याकाळी तो आठवड्याच्या ४९.१८ पौंडांचा हिशेब करत परत जातो. म्हणजे दिवसाला सात पौंड, आणि त्यात जेवण, कपडे, फोन, बसभाडे सगळे आले. हॉटेलात ठेवून जेवण दिले जाते त्यांच्या हातात तर आठवड्याला दहा पौंडसुद्धा येत नाहीत.

आणि उद्या त्याचा अर्ज मंजूर झाला तर? एकट्या प्रौढाला २८ दिवसांत सरकारी निवारा सोडावा लागतो. दोन वर्षे कामापासून लांब ठेवलेल्या माणसाने चार आठवड्यांत नोकरी शोधायची, पगाराची स्लिप नसताना घरमालकाला पटवायचे, अनामत रक्कम उभी करायची. निर्वासित म्हणून मान्यता मिळाली आणि त्याच महिन्यात रस्त्यावर आलो, असे सांगणारी माणसे आमच्याकडे येतात. कामाची सवय, ओळखी, संदर्भपत्र, थोडी शिल्लक हे सगळे वाट पाहण्याच्या काळात जमवता आले असते.

खर्चाबद्दल थोडेच लिहिते, कारण ते आकडे आपल्या टेबलावर आहेत. आश्रयार्थींच्या निवाऱ्याची २०१९ ते २०२९ या दहा वर्षांची कंत्राटे सुरुवातीला साडेचार अब्ज पौंडांची धरली होती. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०२५ मध्ये तोच अंदाज १५.३ अब्जांवर नेला. कामाची परवानगी दिली की हा सगळा खर्च वाचेल, असा माझा दावा नाही. पण ज्याला स्वतःचे भाडे स्वतः भरायचे आहे त्याला ते भरू न देण्यात सरकारी तिजोरीचा कोणता फायदा आहे?

"काम दिले तर आणखी लोक येतील" हे उत्तर आपल्या आधीच्या अनेक गृहमंत्र्यांनी दिले आहे. खुद्द आपल्या खात्याने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६५ आश्रयार्थींना विचारले होते की ब्रिटनच का निवडले. उत्तरांत नातेवाईक, इंग्रजी भाषा, जुने वसाहतीचे संबंध आणि दलालाने जिथे आणून सोडले ती जागा, हे होते. इथल्या भत्त्यांची आणि कामाच्या नियमांची नीट माहिती फार थोड्यांना होती. दुसरा पुरावा तर समुद्रातच आहे. छोट्या होड्यांतून इंग्लिश खाडी ओलांडणारे २०१८ मध्ये काहीशे होते, २०२२ मध्ये ४५,००० च्या पुढे गेले. या सगळ्या काळात कामावरची बंदी जशीच्या तशी होती. जी गोष्ट लोकांना थांबवू शकली नाही, ती उठवल्याने लोंढा येईल हे कशावरून?

इथपर्यंतचे म्हणणे पुष्कळ जण मांडतात. सरकारचीच स्थलांतर सल्लागार समिती २०२१ मध्ये म्हणाली की या बंदीचा फेरविचार करा. 'लिफ्ट द बॅन' (बंदी उठवा) या आघाडीत अनेक संस्था एकत्र आल्या आहेत. पण ज्यांचा अर्ज फेटाळला गेला आणि अपिलेही संपली, त्यांच्यापाशी आले की सहानुभूती असलेली माणसेसुद्धा गप्प होतात. "त्यांना नाही म्हटले ना, मग त्यांनी जावे." माझे हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

अपिले संपली की एकट्या प्रौढाची मदत आणि निवारा २१ दिवसांत बंद होतो. १९९९ च्या कायद्यातल्या कलम ४ खाली पुन्हा मदत मिळू शकते, पण अटी ठरलेल्या: देश सोडण्याची खटपट चालू असल्याचे दाखवा, किंवा प्रवास करता येऊ नये इतके आजारी असा, किंवा परतीचा मार्गच नाही असे सरकारने मान्य केलेले असावे, किंवा न्यायालयात प्रकरण चालू असावे, किंवा मदत नाकारल्याने मानवी हक्कांचा भंग होत असावा. यात न बसणाऱ्याला काही नाही. काम करावे तर २०१६ च्या कायद्याने तो गुन्हा, मिळालेली मजुरी गुन्ह्याची कमाई म्हणून जप्त होऊ शकते. त्याला कामावर ठेवणाऱ्याला फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्या वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास ६०,००० पौंडांपर्यंत दंड. आमच्याकडे म्हणतात, आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. इथे ही दोन्ही कामे एकच खाते करते. ही माणसे आमच्या केंद्रात येतात तेव्हा त्यांच्यासाठी भरायला आमच्याकडे फॉर्मच नसतो. आम्ही अन्नपेढीचा पत्ता लिहून देतो.

हे बेकायदा ठरू शकते, असे या देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने एकदा सांगितलेले आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये लिंबुएला खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायमूर्तींनी निकाल दिला, की राज्यसंस्थेने एका बाजूने मदत नाकारायची, दुसऱ्या बाजूने कामालाही मनाई करायची आणि त्यातून माणूस उघड्यावर, उपाशी राहायची वेळ आणायची, ही अमानुष वागणूक ठरू शकते. तो खटला अर्ज प्रलंबित असलेल्यांचा होता, हे मला माहीत आहे. पण थंडी आणि भूक अर्जाची स्थिती पाहून लागत नाही. पुढे २००७ मध्ये संसदेच्या मानवी हक्कविषयक संयुक्त समितीने नोंदवले, की आश्रयार्थींना कंगाल करणे हे सरकार जाणूनबुजून राबवत असलेले धोरण आहे. समितीत सत्ताधारी पक्षाचेही खासदार होते.

मग ते परत का जात नाहीत? काहींना जाता येते, आणि त्यांनी जावे हे सरकारने म्हणण्यात मला गैर वाटत नाही. पण अनेकांना जाताच येत नाही. कोणाचा दूतावास प्रवासाची कागदपत्रे देत नाही. कोणी मुळात कोणत्याच देशाचा नागरिक नाही. कोणाचा देश आज असा आहे की आपले खातेच तिथे विमान पाठवत नाही. आणि नकार म्हणजे सत्याचा शेवटचा शब्दही नसतो: अलीकडच्या वर्षांत आपल्या खात्याच्या नकारांविरुद्धची जवळपास निम्मी अपिले यशस्वी झाली आहेत. वकील न मिळालेला, किंवा छळाबद्दल पहिल्या मुलाखतीत तोंड उघडू न शकलेला माणूस सगळी अपिले हरूनही खरा असू शकतो. म्हणून तर नवे पुरावे देऊन पुन्हा दाद मागण्याची सोय कायद्यात आहे. अशी पुन्हा दाद मागणाऱ्यांनाही बारा महिन्यांनी कामाची परवानगी मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१० मध्ये ठरवले. त्याच सप्टेंबरात सरकारने परवानगी यादीपुरती आवळली. न्यायालयाने उघडलेले दार दोन महिन्यांत पुन्हा लोटले गेले.

उपासमारीला कंटाळून लोक परत जातील हा हिशेब वीस वर्षे चालवून पाहिला आहे. लोक जात नाहीत, दिसेनासे होतात. मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपतात, रोखीवर गाड्या धुतात, डिलिव्हरी अ‍ॅपवरचे दुसऱ्याचे खाते भाड्याने घेऊन जेवणाचे डबे पोहोचवतात आणि मिळकतीचा मोठा वाटा खातेवाल्याला देतात. मालकाने मजुरी बुडवली तर पोलिसांकडे जाता येत नाही. अशा अंधारात काय होते ते या देशाने ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री मोरकॅम खाडीत पाहिले आहे. कागदपत्रे नसलेले किमान २१ चिनी मजूर शिंपले गोळा करताना भरतीत बुडाले. त्यांना तिथे नेणाऱ्या मुकादमाला तुरुंगात पाठवले, मुकादमांसाठी परवान्यांचा कायदा झाला. तो हवाच होता. पण मुकादमाच्या हाती सापडणारा माणूस ज्या बंदीमुळे तयार होतो, तिला कोणी हात लावला नाही.

उलट बाजूने पाहा. ज्याच्या पगारातून कर कापला जातो त्याचा पत्ता सरकारला माहीत असतो. तो हजेरीला येतो, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखे काही असते. आणि परत जायची वेळ खरोखरच आली, तर दलालाचे कर्ज फेडलेला, हाताशी चार पैसे आणि एखादे कसब असलेला माणूस परतीचा विचार तरी करू शकतो. कर्जबाजारी होऊन रिकाम्या हातांनी गावी कोण जाईल?

जर्मनीत अर्ज फेटाळला पण परत पाठवता येत नाही अशांना 'डुल्डुंग' नावाचा कागद मिळतो: हद्दपारी तूर्त स्थगित. २०१६ पासून अशा माणसाने रीतसर व्यवसायशिक्षणाला प्रवेश घेतला, तर शिक्षणाची तीन वर्षे आणि नंतर नोकरीची दोन वर्षे त्याला राहता येते. हा आग्रह तिथल्या कारागिरांच्या आणि उद्योजकांच्या संघटनांनीच धरला होता, कारण शिकवून तयार केलेला उमेदवार मध्येच उचलून नेला जाई. २०२२ च्या अखेरीस, पाच वर्षे अशा अधांतरी अवस्थेत काढलेल्यांना पाय रोवायला दीड वर्षाची मुदत देणारा कायदाही झाला. जर्मनीची व्यवस्था आदर्श आहे असे मी म्हणत नाही. डुल्डुंगवर उमेदीची वर्षे घालवलेली माणसे तिथेही आहेत. पण नकार आणि उपासमार या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, एवढे तिने दाखवले आहे.

शेजारच्या आयर्लंडमध्ये तर कामावर संपूर्ण बंदी होती. म्यानमारमधून आलेल्या आणि सरकारी निवाऱ्यात आठ वर्षे काढलेल्या एका माणसाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले, की अशी बेमुदत बंदी राज्यघटनेत बसत नाही. आज तिथे सहा महिन्यांनी काम करता येते.

आपल्या खात्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडलेल्या धोरणात म्हटले आहे, की ज्यांना काम करण्याचा हक्क असूनही जे स्वतःचे पोट भरत नाहीत, त्यांची मदत थांबवता यावी. ज्याला कमावता येते त्याने कमावावे, हे तत्त्व मलाही मान्य आहे. मग तो हक्क आधी द्या. आज तो फार थोड्यांकडे आहे.

माझ्या मागण्या तीन आहेत. इमिग्रेशन नियमांतल्या परिच्छेद ३६० मधली बारा महिन्यांची अट सहावर आणा. व्यवसायांची यादी काढून टाका, जे काम मिळेल ते करू द्या. आणि परवानगी नकारासरशी संपवू नका: माणूस प्रत्यक्ष देश सोडेपर्यंत, किंवा आपले खाते त्याला सुरक्षितपणे परत पाठवू शकते अशी तारीख ठरेपर्यंत ती चालू राहू द्या. तिसरी मागणी आपल्या पक्षाला अवघड वाटेल, विरोधकांना त्याहून अवघड वाटेल. म्हणून निदान एवढे तरी लगेच करा. ज्यांना नाकारले आहे, ज्यांना परत पाठवण्याचा कोणताही मार्ग आज आपल्याकडे नाही, आणि ज्यांना कलम ४ ची मदतही मिळत नाही, अशी माणसे किती आहेत आणि ती कशावर जगावीत अशी आपल्या खात्याची अपेक्षा आहे, याचे लेखी उत्तर संसदेत द्या.

कळावे,

आपली,
एक मतदार