अण्णांचा रिमोट चालू झाला, त्या सगळ्यांचे आभार

परवा रात्री परभणीत आमच्या घरी अण्णांनी रिमोटचं बटण दाबलं आणि कीर्तन सुरू झालं. अर्धांगवायूनंतर त्यांचा डावा हातच चालतो, माउस धरता येत नाही. म्हणून रास्पबेरी पाय या एका बोर्डाच्या छोट्या संगणकावर लिनक्स ही खुली प्रणाली टाकून त्याला जुन्या टीव्हीचा रिमोट जोडायचं मनावर घेतलं होतं. तीन आठवडे काही जमेना.

पहिले आभार रेडिओ दुरुस्त करणाऱ्या त्या काकांचे. माझ्या हातातला टीसॉप १७३८, म्हणजे रिमोटचा इशारा पकडणारा रिसीव्हर, पाहून म्हणाले, "बाळा, हा पाच व्होल्टचा. तुझ्या बोर्डाच्या पिनला ३.३ च्या वर सोसत नाही. ४८३८ लाव, पण पाय बघून. दोन्हींच्या पायांचा क्रम सारखा नसतो." मग त्यांनी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरला. बटण दाबताच मोबाइलच्या पडद्यावर टोकाचा एलईडी जांभळट लुकलुकला. रिमोट ठणठणीत होता. पैसे फक्त रिसीव्हरचे घेतले.

नांदेडच्या ताई तासभर फोनवर थांबल्या. मी जुन्या माहितीवरून लर्क-आरपीआय हा रिमोटचा जुना ड्रायव्हर शोधत बसलो होतो. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ४.१९ आवृत्तीपासून तो गेला, आता कॉन्फिग फाइलमध्ये त्याच्या जागी आलेल्या जीपीआयओ-आयआरची ओळ लिहायची, हे त्यांनी सांगितलं. मधेच लाईट गेली, तर परत फोन त्यांनीच केला. आयआर-कीटेबल या रिमोट तपासायच्या प्रोग्रामच्या चाचणीत एकेका बटणाचा कोड पडद्यावर उमटू लागला तेव्हा माझे डोळे भरून आले.

हे ड्रायव्हर लिहून सगळ्यांसाठी खुले ठेवणाऱ्यांनाही मनापासून नमस्कार. अण्णा सध्या उगीचच आवाज वाढवतात, कमी करतात, परत वाढवतात.