सीवूड्सचं दुकान उघडण्याआधी

ठाणे

चि. अनूस,
अनेक आशीर्वाद.

सध्या तुझं सगळं लक्ष आपल्या नव्या फ्रोझन योगर्टच्या (गोठवलेल्या दह्याच्या) दुकानातल्या टॉपिंगच्या काउंटरवर आहे, ते जरा बाजूला ठेव. नौपाड्यात काय, घोडबंदरला काय, गिऱ्हाईक परत येतं ते दह्याच्या चवीसाठी. ती चव सीवूड्सलाही तश्शीच लागली पाहिजे, म्हणून मिक्स, म्हणजे मशीनमध्ये गोठवायचं दूध-साखरेचं मिश्रण, वागळे इस्टेटच्या किचनमधूनच ने.

दहा किलो मिक्सला साखर १ किलो ४०० ग्रॅम. ‘कमी साखर’ लिहायच्या हौसेने ती उतरवू नकोस. साखर नुसती गोडीसाठी नसते, तीच मिक्सला कडक गोठू देत नाही. ती कमी पडली की सिलिंडरच्या (मिक्स गोठतं त्या नळकांड्याच्या) भिंतीला बर्फ धरतो, बीटर (आतलं फिरतं पातं) अडकतो आणि बेल्ट घसरतो. जास्त झाली तर मशीन कितीही चालव, कपात वळण उभं राहत नाही. स्टॅबिलायझर (मिक्स एकजीव ठेवणारी पावडर) ३० ग्रॅम, तोही आधी कोरड्या साखरेत मिसळून. थेट दुधात टाकलास तर गुठळ्या होतात. विरजण्याआधी साखर निम्मीच घाल, कारण फार साखरेत विरजण मंदावतं. ४२ अंशांवर लावायचं, पीएच (आंबटपणाचं माप) ४.५ आला की लगेच ४ अंशांपर्यंत थंड करायचं. इथे तासभर चालढकल झाली की आंबटपणा वाढतच जातो, आणि मग एकाच आठवड्यात दोन दुकानांत दोन चवी.

गोठताना मिक्सने हवा किती धरली तेही रोज मोज. एकच कप काठोकाठ भरून मिक्सचं वजन २१० ग्रॅम आणि गोठलेल्याचं १५० भरलं, तर हवा ४० टक्के. आपण वजनावर विकतो, त्यामुळे हवेने पैसे वाढत नाहीत. पण ती २५ टक्क्यांच्या खाली गेली की घास जड लागतो.

मशीन भिंतीला चिकटवू नकोस. कंडेन्सरला (मशीनची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाला) मोकळी हवा मिळाली नाही तर मे महिन्यात कप पातळच येणार.

रात्रीची धुलाई मुलांवर सोडू नकोस, पहिला महिना तू स्वतः उभी राहा. मिक्स काढल्यावर आधी साधं पाणी, तेही स्वच्छ येईपर्यंत. पहिलंच पाणी कढत घातलं तर दुधाचं प्रथिन आतच चिकटून बसतं. मग बीटर, स्क्रेपर, दांड्या आणि सगळे ओ-रिंग (रबरी कड्या) काढून ब्रशने घास. ओ-रिंग बोटांत फिरवून चीर पाहा. फूड-ग्रेड ग्रीस पातळ लाव, पण शाफ्टचं (बीटर फिरवणाऱ्या दांड्याचं) जे टोक गिअरमध्ये बसतं त्याला अजिबात नको. मागच्या नळीतून मिक्स ठिबकलं तर समज, शाफ्टचं सील गेलं. सकाळी क्लोरीनचं १०० पीपीएमचं (दहा लाख भागांत १०० भाग) पाणी फिरव, मगच मिक्स ओत.

वीज गेली आणि हॉपरमधलं (मशीनच्या वरच्या टाकीतलं) मिक्स चार तासांहून जास्त ५ अंशांच्या वर राहिलं, तर सरळ ओतून दे. चव घेऊन ठरवू नकोस.

आंबा वाशीच्या एपीएमसीतून आण, पण ताजं अननस आणि किवी दह्यावर आधीच घालून ठेवू नकोस. त्यांतलं एन्झाइम दुधाचं प्रथिन तोडतं आणि कडवट चव येते. अननस उकळत्या पाकातून काढलं की चालतं.

नव्या जागेचा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना वेगळा लागेल, काट्यावर वैधमापनचा (वजन-माप खात्याचा) शिक्का हवा. आणि बोर्डवाल्याला बजावून सांग, ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहायचं नाही. आपल्याकडे ते नाव वनस्पती तेलाच्या मालाला आहे, आपलं दुधाचं आहे.

तुझी,
आई